विज्ञान लेखकांच्या बैठकीला पहिल्यांदा येताय? आधी हे वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या बैठकीला एखादा नवा चेहरा येतो. दाराशी चपला काढता काढताच विचारतो, "इथे यायला सायन्सची डिग्री लागते का हो?" नाही लागत. आमच्यात दोन निवृत्त शिक्षक आहेत, औषधांचं दुकान चालवणारे एक जण आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. सापांवर सगळ्यात नेटकं लिहिणाऱ्या आमच्या ताई कॉमर्सच्या. प्राध्यापकही आहेत, आणि सगळ्यात लांबलचक वाक्यं त्यांचीच असतात.

मराठीतून विज्ञान लिहिणारी मंडळी एकत्र येऊन नेमकं करतात काय, वर्षभरात कुठे काय घडतं आणि त्यात शिरायचं कसं, हे नव्याने येणाऱ्याला कुणी नीट सांगत नाही. जो तो आपापल्या ठेचांवरून शिकतो. माझ्या ठेचा इथे मांडतो, म्हणजे निदान त्याच दगडांवर तुमचा पाय पडणार नाही.

पहिली पायरी: दार शोधा

मराठीत विज्ञान लिहायची परंपरा आपल्याला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं हे शाळेत पाठ केलेलं असतं. १८४० साली त्यांनीच 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं आणि त्यात भूगोल, विज्ञान असे विषय मराठीतून यायचे, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. पुण्याचं 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ चं. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. मुंबईत चुनाभट्टीला तिचं विज्ञान भवन आहे, गावोगावी विभाग आहेत, स्वतःची पत्रिका आहे. 'लोकसत्ता'तलं 'कुतूहल' हे छोटं सदर तुम्ही वाचलं असेल, तर परिषदेच्या लेखकांशी तुमची ओळख आधीच झालेली आहे.

तुमच्या गावात परिषदेचा विभाग आहे का, ते आधी बघा. नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा. तिथेही काही सापडलं नाही, तर खगोलप्रेमींचं मंडळ, पक्षिनिरीक्षकांचा गट किंवा एखाद्या जुन्या वाचनालयाचं अभ्यासमंडळ गाठा. अशा प्रत्येक ठिकाणी लिहिणारी दोन माणसं हमखास असतात आणि त्यांना बाकीच्यांचे पत्ते ठाऊक असतात. वर्गणी, अर्ज, ओळखपत्र वगैरे नंतर बघू. दोन बैठकांना नुसते जाऊन बसा.

दुसरी पायरी: पहिल्या बैठकीत गप्प बसा

हे मी प्रेमाने सांगतोय. आमची बैठक दीड-दोन तास चालते. सुरुवातीला 'या महिन्यात काय वाचलंत' हा प्रश्न फिरतो. मग दोघे-तिघे आपापले कच्चे लेख वाचतात, इतर टोकतात. त्यानंतर एखाद्या शब्दावरून भांडण. मग चहा. चहाच्या वेळी खरी कामं ठरतात: कोण कुठल्या प्रयोगशाळेत जाणार, कुठल्या संपादकांना लेख हवाय, कुणाकडे जादा पुस्तक आहे.

सोबत वही असू द्या. मोबाइलवर टिपणं घेतलीत तरी चालतं, पण समोर लेख वाचणाऱ्याला वाटतं की हा व्हॉट्सॲप बघतोय. आणि पहिल्याच दिवशी स्वतःची चाळीस पानी कादंबरी घेऊन येऊ नका. तसं करणारे दरवर्षी एक-दोन निघतातच.

तिसरी पायरी: छोटा लेख लिहा आणि मोठ्याने वाचा

पाचशे-सहाशे शब्द पुरेत. विषय स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल असा घ्या. कृष्णविवरं पळून जात नाहीत, ती पुढच्या वर्षी.

माझा पहिला लेख शून्य सावलीवर होता. सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी गडप होते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात हे वर्षातून दोनदा घडतं. महाराष्ट्र सगळाच या पट्ट्यात येतो. सूर्य उत्तरेकडे सरकत जातो तसा मे महिन्यात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो: कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३-१४ मेच्या आसपास, नागपूरला शेवटच्या आठवड्यात. सूर्य परत फिरताना दुसरी संधी येते, पण ती पावसाळ्यात, आणि तेव्हा सूर्यच दिसायची मारामार. हे सगळं मी वाचून, आकृती काढून, झोकात लिहिलं होतं. शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं: 'भर दुपारी बरोबर बाराच्या ठोक्याला आपली सावली आपल्याला सोडून जाते.'

बैठकीत वाचलं. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक काका समोर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "बारा वाजता? तुम्ही होतात का तिथे?"

नव्हतो. घरी पंख्याखाली बसून लिहिलं होतं.

मग त्यांनी माझ्याच वहीत हिशोब मांडून दाखवला. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं. ते मिर्झापूरजवळून जातं. पुणे त्याच्या पश्चिमेला साधारण ८.६ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे पुण्यात सूर्य डोक्यावर यायला जवळजवळ ३५ मिनिटं उशीर. त्यात मेच्या मध्याला सूर्य आपल्या सरासरी वेळेपेक्षा तीन-चार मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा करायची. उत्तर आलं १२ वाजून ३१ मिनिटं. नागपूर पूर्वेला आहे, म्हणून तिथे तोच क्षण वीसेक मिनिटं आधी येतो.

पुढच्या मेमध्ये गटातले सात जण पुण्यातल्या एका गच्चीवर जमलो. फूटभर उंचीचा पीव्हीसी पाइप, गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा आणि कोरा कार्डपेपर, एवढंच सामान. ओळंबा नसेल तर पाइप तिरका राहतो आणि सावली कधीच संपत नाही. हेही तिथेच कळलं, कारण पहिली दहा मिनिटं आमचा पाइप तिरकाच होता. १२ वाजून २५ मिनिटांनी पाइपच्या पश्चिमेला पाऊण सेंटिमीटर सावली उरली होती. ती करंगळीच्या नखाएवढी झाली, मग कडेची एक रेघ, आणि ३१ च्या सुमाराला तीही गेली. पाचेक मिनिटांनी पूर्वेकडून नवी सावली डोकावायला लागली. तळपाय भाजत होते. तेव्हाच कार्डपेपरच्या मागे लेख नव्याने लिहिला. तो छापून आला. बाराच्या ठोक्याचं वाक्य त्यात नव्हतं आणि तळपायांचं होतं.

तेव्हापासून हा आमचा दरवर्षीचा कार्यक्रम झाला आहे. नव्या सदस्यांना तिथे एकच काम असतं: वीस मिनिटं बघायचं आणि दोनशे शब्द लिहायचे. सूर्याकडे थेट बघायचं नाही. पाइपमधून तर नाहीच नाही.

मोठ्याने वाचण्याचा फायदा वेगळाच आहे. जीभ जिथे अडखळते ते वाक्य बहुधा इंग्रजीतून उचललेलं असतं. 'असे आढळून आले आहे की' या शब्दांशी आलात आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी जांभई दिली, तर दोष जांभईचा नाही. कुणाला आढळलं, कुठे, कशावर प्रयोग करून, ते लिहा. उंदरांवर झालेला प्रयोग असेल, तर 'उंदरांवर' हा शब्द पहिल्या परिच्छेदात हवा. शेवटच्या ओळीत लपवायचा नाही.

टीका ऐकताना सफाई देऊ नका. 'मला असं म्हणायचं होतं' हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. जे म्हणायचं होतं ते कागदावर यायला हवं.

चौथी पायरी: शब्दांच्या भांडणात पडा, पण हिशोबाने

परिभाषा हा आमचा राष्ट्रीय खेळ. एखाद्या इंग्रजी संज्ञेला मराठी शब्द कोणता, यावर तासभर सहज जातो आणि चहा गार होतो. नव्या माणसाने तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुष्कळ.

एक, शब्द घडवण्याआधी शोधा. राज्याच्या भाषा संचालनालयाने वेगवेगळ्या विषयांचे परिभाषाकोश काढलेले आहेत आणि मराठी विश्वकोश आहेच. निम्म्या वेळा शब्द तयार असतो, आपल्यालाच माहीत नसतो. जनुक (जीन), संप्रेरक (हॉर्मोन), विकर (एन्झाइम), अर्धवाहक (सेमिकंडक्टर), दीर्घिका (गॅलक्सी) हे सगळे कुणीतरी घासूनपुसून ठेवलेले शब्द आहेत. त्यातला कुठला चालतो आणि कुठला चालत नाही, ते वाचक ठरवतो. 'जनुक' रुळला. 'विकर' मात्र अजून वर्गाबाहेर पडलेला नाही, तिथे मी सरळ एन्झाइम लिहितो आणि शुद्धतावाद्यांचे डोळे सोसतो. 'प्राणवायू' आणि 'ऑक्सिजन' दोन्ही चालतात. फक्त एका लेखात एकच ठेवा, नाहीतर वाचकाला वाटतं की दोन वायू आहेत.

दोन, एका इंग्रजी शब्दाचे मराठीत दोन-दोन अर्थ असतात, तिथे पाय घसरतो. 'सेल' म्हणजे जीवशास्त्रात पेशी, विजेत घट. तरीही छापील मजकुरात 'सौर पेशी' दिसतात. छपरावर बसवतात ते सौर घट. 'सेंद्रिय' हा शब्द भाजीबाजारात एक सांगतो आणि रसायनशास्त्रात दुसरंच. जिवाणू आणि विषाणू यांची अदलाबदल तर बातम्यांत रोज होते. ती नुसती भाषेची चूक नाही. प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही, आणि हे न कळल्यामुळे माणसं सर्दीला उगाच गोळ्या खातात. वजन आणि वस्तुमान हेही असंच. चंद्रावर गेलात तर वजन सुमारे सहावा भाग होतं, वस्तुमान जसंच्या तसं राहतं.

तीन, आकडे. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी अर्थात एक अब्ज, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी आजही लेख पाठवण्याआधी शून्यं बोटाने मोजतो. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे: सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. 'हा तारा कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी जन्मला' असं वाक्य वाचलंत की बाकीचा लेखही संशयाने वाचा.

पाचवी पायरी: वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

संपादकांना लेख त्या दिवसाच्या आधी हवा असतो, त्या दिवशी नाही. म्हणून तारखा पाठ असलेल्या बऱ्या.

फेब्रुवारीचा शेवट आमचा सणासुदीचा. २७ ला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन, कारण १९२८ साली त्या तारखेला रामन परिणामाचा शोध जाहीर झाला. लागून आलेले हे दोन दिवस मराठी विज्ञान लेखकासाठीच कुणी आखून दिलेत की काय, असं वाटावं. शाळा-महाविद्यालयांना या आठवड्यात वक्ते कमी पडतात. नव्या माणसाला पहिलं व्याख्यान मिळतं ते बहुधा इथेच, कारण जुने सगळे आधीच कुठेतरी कबूल झालेले असतात.

५ जूनला पर्यावरण दिन. त्यावर लेखांचा पूर येतो, त्यामुळे नव्याने लिहिण्यासारखं काही नसेल तर तो दिवस सोडून द्या. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन, चंद्रयान-३ त्या तारखेला २०२३ साली चंद्रावर उतरलं म्हणून. नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह: ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या नावे गणित दिन. गणितावर मराठीत लिहिणारे इतके कमी आहेत की तुमचा लेख नाकारायला संपादकाला कारण शोधावं लागेल.

परिषदेचं वार्षिक अधिवेशन चुकवू नका. तिथे व्याख्यानं ऐकाच, पण मधल्या सुट्टीत शाळकरी मुलांच्या प्रकल्पांपाशी रेंगाळा. मुलं प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणतात. हे व्यासपीठावर फारसं ऐकू येत नाही.

सहावी पायरी: जाऊन बघा

विज्ञान दिनाच्या सुमाराला संशोधन संस्था आपली दारं उघडतात. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ही त्यातली गर्दी खेचणारी ठिकाणं. खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये पसरलेल्या. आकडा वाचताना काही वाटत नाही. तबकडीखाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते आणि तारांच्या जाळीतून आभाळ दिसतं. ती जाळी आहे, भरीव पत्रा नव्हे, कारण इथल्या रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी. शिवाय जाळीतून वारा निघून जातो, वजनही वाचतं. दुर्बिणीच्या परिसरात मोबाइल बंद ठेवायला सांगतात. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की तुमच्या खिशातला फोन त्याच्यापुढे भोंगा. लेखाची सुरुवात इथून करता येते, तबकड्यांच्या संख्येपासून नाही.

पावसाळा सरताना आमची एक सहल कास पठारावर असते. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात कास आहे. सगळे फुलांच्या गालिच्याचे फोटो काढतात. तुम्ही गुडघे टेकून खाली बघा. चिकट थेंबांनी कीटक पकडणारी दवबिंदू आणि जांभळ्या फुलांची सीतेची आसवं, दोन्ही कीटक खाणाऱ्या वनस्पती, तिथे बोटभर उंचीवर उगवलेल्या असतात. कातळावर मातीचा थर पातळ, त्यात नत्र कमी, म्हणून ही सोय. 'सीतेची आसवं' कीटक खातात, या एका वाक्यावर आमच्या ताईंनी अख्खा लेख उभा केला होता. तिथे चालताना मात्र वाट सोडू नका. लेखासाठी फुलं तुडवणारा लेखक आम्हाला नको.

शास्त्रज्ञांना भेटायला जाताना त्यांचा निदान एक शोधनिबंध, नाही तर त्याचा सारांश तरी वाचून जा. 'तुमचं संशोधन सोप्या भाषेत सांगा' हा प्रश्न आळशीपणाचा आहे, सोपी भाषा हे आपलं काम. 'आज सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय केलंत?' असं विचारा. उत्तरात यंत्रं येतात, न चाललेले प्रयोग येतात, कधी वीज गेल्याने वाया गेलेले नमुने येतात. लेख झाल्यावर तांत्रिक भाग त्यांना दाखवा आणि त्यांच्या तोंडी घातलेली वाक्यंही. अख्खा लेख पाठवला तर तो विशेषणं गळून आणि पाच नावं वाढून परत येतो.

सातवी पायरी: घाई करू नका

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेलं हे विवर. एका रात्रीत फोटो सगळीकडे पोचले, सोबत कारणंही: शैवाल, प्रदूषण, दैवी संकेत, जे हवं ते. आमच्यातल्या दोघांनी त्याच आठवड्यात लेख लिहून टाकले आणि दोघांनीही शैवालाला दोषी धरलं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले, तेव्हा गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचं दिसलं. पाणी आटून क्षार वाढले होते आणि त्यांना रान मोकळं मिळालं होतं. ज्याने थांबून लिहिलं त्याचा लेख आजही वाचता येतो.

तसंच 'नासाने सांगितले' ने सुरू होणाऱ्या मजकुराचं. आमच्या बैठकीत दर महिन्याला असा एक फॉरवर्ड घेऊन त्याचं मूळ शोधायचा खेळ होतो. नव्या माणसासाठी याहून चांगली तालीम नाही. सांगितलं म्हणजे कुणी, कधी, कुठल्या पानावर, हे तीन प्रश्न विचारले की दहातले आठ फॉरवर्ड जागीच बसतात.

आठवी पायरी: स्पर्धेला पाठवा

विज्ञानकथा लिहायची खुमखुमी असेल तर एक जुनी हकिकत ऐकून ठेवा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा लेखकाच्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवून घेतलेलं नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली होती. जगभर नाव झालेल्या खगोलशास्त्रज्ञालाही आपली कथा नावाच्या वजनाशिवाय उभी राहते का, हे बघावंसं वाटलं. तुम्हाला तर नाव लपवायचीही गरज नाही.

स्पर्धेची शब्दमर्यादा पाळा. परीक्षक म्हणून बसलेल्या आमच्या एका सदस्याने सांगितलं की मर्यादेबाहेरचे लेख ते वाचतात खरे, पण चिडून वाचतात.

नववी पायरी: छापायला देताना

दिवाळी अंकांचं आमंत्रण पावसाळ्याच्या तोंडावर येतं आणि लेख गणपतीच्या आसपास द्यावा लागतो. दसऱ्याला फोन करून 'काही जागा आहे का' विचारू नका.

लेख युनिकोडमध्ये टाइप करा. काही छापखान्यांत तो अजूनही जुन्या फाँटात बदलून घेतात आणि त्या बदलात गमती होतात. 'दुसऱ्या'मधला र मोडतो, जोडाक्षरं सुटी होतात. एका मासिकात माझ्या लेखातल्या दहाच्या डोक्यावरचा छोटा नऊ खाली उतरला. दहाचा नववा घात, म्हणजे एक अब्ज, छापून आला १०९. लेखातल्या दीर्घिकेत एकशे नऊच तारे उरले. तेव्हापासून मी घात लिहीतच नाही, 'एक अब्ज' असं अक्षरात लिहितो, आणि शेवटचं प्रूफ बघायला मागतो. मागितलं की बहुतेक जण देतात.

चित्रं शोधयंत्रातून उचलू नका. नासाची बहुतेक छायाचित्रं श्रेय देऊन वापरता येतात, विकिमीडिया कॉमन्सवरच्या प्रत्येक चित्राखाली त्याच्या परवान्याची अट लिहिलेली असते, ती वाचा. त्यापेक्षा स्वतः काढलेली पेन्सिलची आकृती पुष्कळदा बरी ठरते. मानधनाचं आधीच आणि लेखी विचारा. 'मराठीची सेवा' हे उत्तर आलं, तर सेवा करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण छापून आल्यावर कुरकुर नको.

छापण्याची घाई नसेल तर विश्वकोशाच्या नोंदी आणि मराठी विकिपीडिया ही दोन शिकण्याची उत्तम ठिकाणं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि विज्ञानाचे कितीतरी लेख त्यावर अजून दोन ओळींचे आहेत. संपादन कार्यशाळा असेल तेव्हा लॅपटॉप घेऊन बसा. तिथे प्रत्येक विधानाला संदर्भ मागतात, ती सवय आयुष्यभर पुरते.

दहावी पायरी: एक कार्यक्रम तुम्ही करा

वर्षभर आलात की तुमच्यावर एखादा कार्यक्रम सोपवला जाईलच. वक्त्याला चाळीस मिनिटं द्या आणि प्रश्नांना वीस. हे वक्त्याला आदल्या दिवशी सांगा, आणि तिसाव्या मिनिटाला चिठ्ठी पाठवा. सत्कार, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक हे सगळं मिळून दहा मिनिटांत आटपा. प्रोजेक्टरची वायर आणि त्याला लागणारी जोडणी स्वतः जाऊन लावून बघा. सभागृहाचे लोक 'सगळं आहे' म्हणतात तेव्हा सगळं असतं, पण कुलूपबंद खोलीत. पहिला प्रश्न विचारायला कुणी पुढे येत नाही, म्हणून एखाद्या मुलीला किंवा मुलाला आधीच तयार करून ठेवा. त्यानंतर हात आपोआप वर जातात. जो हात वर करून प्रश्नाऐवजी भाषण सुरू करील, त्याच्यासाठी माइक तुमच्याच हातात असू द्या.

वृत्तांत त्याच रात्री लिहा, दीडशे शब्दांत. वक्ता काय म्हणाला त्यातली एकच गोष्ट घ्या, पण ती बरोबर घ्या, आणि आकडा असेल तर वक्त्याला फोन करून ताडून बघा. 'प्रचंड प्रतिसाद' लिहू नका, कार्यक्रम चालू असताना मागे उभं राहून माणसं मोजा. सदतीस असतील तर सदतीस लिहा.